जुने पीसी नेटवर्कवरून चालू करायचेत? आधी हे उरकून घ्या

शाळेच्या लॅबमधले वीसेक जुने पीसी एलटीएसपीवर (पीसी स्वतःच्या डिस्कऐवजी नेटवर्कवरून, एका सर्व्हरच्या जोरावर चालू करणारी लिनक्सची प्रणाली) चालवायचं ठरलं की सर्व्हरकडे वळू नका, आधी डबे उघडा. ब्लोअरने धूळ उडवा आणि प्रत्येकावर खडूने लिहून ठेवा: रॅम किती, प्रोसेसर ६४-बिट आहे का, लॅन बोर्डावरचं की वेगळं कार्ड. निम्मं काम या छाटणीतच आहे. १९९९ पासूनचा हा प्रकल्प २०१९ मध्ये नव्याने लिहिला गेला. तेव्हापासून सर्व्हर फक्त इमेज, म्हणजे सगळ्या प्रणालीची तयार प्रत, पुरवतो, प्रोग्राम चालतात ते समोरच्या डब्यावरच. म्हणून दोन जीबी रॅम असेल तर ठीक; ५१२ एमबीवर ब्राउझर उघडायला जाल तर माऊस जागीच थिजेल, कारण डिस्क नाही म्हणजे स्वॅपही (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) नाही. असे डबे रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरला जोडायचे. खरे थिन क्लायंट हेच: प्रोग्राम सर्व्हरवर, डब्यावर फक्त पडदा. त्यांच्यासाठी सर्व्हरची रॅम मी तरी माणशी एक जीबी धरतो. निव्वळ ३२-बिटवाल्यांना वेगळी इमेज लागते, तीही डेबियन १२ पर्यंतच, कारण १३ मध्ये ३२-बिटचा इन्स्टॉलर बंद झाला. दोन-चार डब्यांसाठी एवढा खटाटोप करू नये, सरळ भंगारात काढावेत.

मग सेल. बोर्डावरचा सीआर२०३२ संपलेला असला तर बायोसमध्ये (डबा चालू होतानाच्या सेटिंगची जागा) केलेलं सगळं रात्रीत पुसलं जातं आणि सकाळी डबा पुन्हा डिस्क शोधत बसतो. सरसकट नवे सेल घाला. त्यानंतर बायोसमध्ये 'लॅन बूट रॉम' चालू करा, सेव्ह करा आणि पुन्हा आत शिरा. बऱ्याच बोर्डांवर बूटच्या क्रमात नेटवर्कचं नाव त्यानंतरच उगवतं. पहिल्याच फेरीत दिसलं नाही म्हणून लोक हात टेकतात. 'हॉल्ट ऑन' नो एरर्सवर ठेवा, म्हणजे कीबोर्ड सैल आहे म्हणून बूट अडणार नाही. कार्डावर बूट रॉमची जागा रिकामी असेल तर आयपीएक्सई (नेटवर्कवरून बूट करून देणारा छोटा प्रोग्राम) पेनड्राइव्हवर घ्या. पेनड्राइव्हवरून बूट न होणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी सीडी.

वायरिंगमध्ये काटकसर नको. शंभर एमबीपीएसच्या वायरीतून सेकंदाला जेमतेम ११-१२ एमबी जातात, आणि सर्व्हरच्या एका पोर्टमागे वीस डबे रांगेत. स्विच आणि सर्व्हरचं कार्ड गिगाबिटच हवं. सर्व्हरच्या केबलमधल्या चारही जोड्या क्रिम्प करा, दोन जोड्यांवर गिगाबिट मिळत नाही. वायफायचा विचार सोडा. स्विच मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) असेल तर पोर्टफास्ट ही पोर्ट लगेच जागा करणारी सेटिंग लावा, नाहीतर पोर्ट जागा होईपर्यंत तीस सेकंद जातात आणि पीएक्सई (डब्यातली नेटवर्कवरून बूट करण्याची सोय) तोवर नाद सोडतो.

प्रत्येक पीसीला नेटवर्कचा पत्ता देणारा राउटर आधीच असेल तर त्याला हात लावू नका आणि दुसरा डीएचसीपीही (पत्ते देणारी सेवा) उभा करू नका. सर्व्हरवरचा डीएनएसमास्क हा प्रोग्राम प्रॉक्सी (मदतनीस) म्हणून ठेवा. पत्ता राउटर देईल, बूटची फाइल डीएनएसमास्क सांगेल. बूट अडलं की स्क्रीनवर येणारे कोड एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा: ई६१ आलं तर केबल बघा, ई५१ म्हणजे पत्ताच मिळाला नाही, ई५३ म्हणजे पत्ता मिळाला पण फाइलचं नाव नाही, तेव्हा डीएनएसमास्क बंद आहे का, फायरवॉल आडवी येतेय का ते तपासा.

मराठी फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड सर्व्हरवर घालूनच इमेज बनवा. मागाहून काही घातलंत तर इमेज पुन्हा बनवावी लागते.

यूपीएस सर्व्हरला सगळेच लावतात, स्विचला विसरतात. दिवे गेले-आले की पोरांचं काम तिथेच लटकतं.

पहिल्यांदा एकच डबा चालू करा, मग पाच एकदम, मग सगळे. त्याआधी एमसीबी बघून घ्या: सीआरटी मॉनिटरसकट प्रत्येकी दोनशे वॅट धरले तरी वीस जणांचे चार किलोवॅट होतात, म्हणजे सतरा अँपिअरच्या वर. लॅबला सोळाचाच एमसीबी असेल तर दोन लाइनींवर वाटणी करायला वायरमनला आधीच बोलवा.