क्रिप्टो दाखवून अ‍ॅक्रेडिटेड इन्व्हेस्टर व्हायचंय? या चुका टाळा

अमेरिकेत खासगी फंडात किंवा स्टार्टअपमध्ये पैसे घालायचे तर बहुतेक ठिकाणी ‘अ‍ॅक्रेडिटेड इन्व्हेस्टर’ असावं लागतं. राहतं घर सोडून नेट वर्थ (मालमत्ता वजा कर्ज-देणी) दहा लाख डॉलरच्या वर हवी. नाहीतर मागच्या दोन्ही वर्षी उत्पन्न दोन लाखांच्या वर (नवराबायकोचं मिळून तीन लाख) आणि यंदाही तेवढं होण्यासारखं. नेट वर्थमध्ये क्रिप्टो धरता येतं. मी न्यू जर्सीत सीपीए (परवानाधारक अकाउंटंट) आहे, माणूस या अटीत बसतो अशी पत्रं लिहून देतो आणि तेच तेच घोळ निस्तरतो.

सगळ्यात डोक्यात जातो तो वॉलेटचा (क्रिप्टो ठेवायच्या डिजिटल पाकिटाचा) स्क्रीनशॉट. जाहिरात करून पैसे उभारणाऱ्यांना ५०६(सी) नियमाखाली गुंतवणूकदाराची पडताळणी करावीच लागते. त्या नियमात बँक आणि ब्रोकरेज स्टेटमेंटची नावं आहेत, वॉलेटचं नाही. मग आकडा आहे, पण तो तुमचाच कशावरून?

ओळखीतला एक मुलगा शुक्रवारी दुपारी म्हणाला, “काका, आजच पत्र द्या, स्टार्टअपचा पैसे घ्यायचा राउंड बंद होतोय.” स्क्रीनशॉटवर १०,४०,००० डॉलर, नाव कुठेच नाही. मालकीचा पुरावा मागितला, तर दहा मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो: वहीच्या पानावर निळ्या पेनाने लिहिलेले चोवीस शब्द. सीड फ्रेज, वॉलेट उघडणारे गुप्त शब्द! म्हणजे तिजोरीची किल्लीच माझ्या फोनवर. लगेच फोन लावून त्याला झापलं आणि सगळं नव्या वॉलेटमध्ये हलवायला लावलं. त्यात चार दिवस गेले, तेवढ्यात भाव उतरला आणि बेरीज आली ९,६०,०००. नेट वर्थ मोजतात ती गुंतवणूक होते त्या वेळची. मागच्या महिन्यात किती होती याला अर्थ नाही. काठावर असाल तर घाई तुमच्याच अंगाशी येते.

माझी पद्धत अशी: एक्स्चेंजचं (जिथे क्रिप्टो घेता-विकता त्या कंपनीचं) तुमच्या नावाचं स्टेटमेंट, तिथून वॉलेटकडे गेलेल्या व्यवहारांची नोंद आणि माझ्यासमोर त्याच पत्त्यावरून मी सांगेन तेवढी किरकोळ रक्कम पाठवून दाखवायची. कटकट वाटते? मग दुसरा सीपीए शोधा. दहा लाखांना अगदी टेकलेल्या माणसाला मी पत्र देत नाही. नियम नाही, माझी सवय आहे.

नाणी गहाण ठेवून काढलेलं कर्ज वजा होतं. यंदा नाणी विकून नफा झाला असेल तर त्याचा थकलेला टॅक्सही. न विकलेल्या नाण्यांचा भाव वाढला म्हणजे उत्पन्न वाढलं असं नाही. स्टेकिंगचं (नाणी नेटवर्कसाठी अडकवून ठेवल्याचं) बक्षीस मात्र उत्पन्नात येतं. लॉक असलेले (सध्या विकता न येणारे) टोकन पूर्ण भावाने मांडू नका.

घराचं वेगळंच. ऐनवेळी राहत्या घरावर कर्ज काढून बिटकॉइन घेणारे भेटतात. गुंतवणुकीआधीच्या साठ दिवसांत, घर घेण्यासाठी नव्हे तर असंच वाढवलेलं कर्ज देणं म्हणून मोजलं जातं, त्यामुळे हाती काहीच लागत नाही. उलट पुण्यातला रिकामा फ्लॅट राहतं घर नसल्यामुळे धरता येतो, आणि नेमका तोच लोक लिहायचा विसरतात.