जकातनाक्यावरचा मत्तय आजच्या खोलीत कसा आणावा

जुनं धार्मिक चित्र आजच्या काळात आणायचं म्हटलं की आधी हात जातो कपड्यांकडे. तिथून सुरुवात करू नका. इटालियन चित्रकार काराव्हाजोचं ‘संत मत्तयाला पाचारण’ (१५९९–१६००) समोर ठेवून फोटो कसा उभा करायचा ते पाहू. जकात गोळा करणाऱ्या मत्तयाला येशू शिष्य व्हायला बोलावतो, तो हा प्रसंग. रोमच्या सान लुईजी देई फ्रान्चेसी चर्चमध्ये, ज्या चॅपलसाठी (चर्चमधल्या छोट्या प्रार्थनागृहासाठी) ते रंगवलं तिथेच, ते आजही आहे. मला ते गुरुस्थानी वाटतं, कारण काराव्हाजोनेही हेच केलं होतं: पहिल्या शतकातल्या जकातदाराला त्याने आपल्या काळातल्या, पिसांच्या टोप्या घातलेल्या रोमन माणसांत बसवलं.

१. आधी क्षण पकडा. चित्र नीट बघून एकच वाक्य लिहा. इथे ते असं: पैसे मोजणाऱ्या माणसाला दारातून कुणीतरी बोलावतंय आणि तो अजून उठलेला नाही. हे वाक्य टिकलं, तर बाकी सगळं बदलायला तुम्ही मोकळे.

२. जागा शोधा. जकात गेली, वसुली राहिली. कर्जाचे हप्ते गोळा करणाऱ्यांची मागची खोली घ्या: टेबल, नोटांच्या गड्ड्या, वही, पाच माणसं. मोबाइल पालथे ठेवा, नाहीतर स्क्रीनचा उजेड खालून चेहऱ्यावर पडतो आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते.

३. उजेड. खरं काम इथे आहे. मूळ चित्रात भिंतीवर खिडकी आहे, पण तिच्यातून उजेड येत नाही. तो उजवीकडून, येशूच्या डोक्यावरून तिरपा आत शिरतो. ट्यूबलाइट बंद करा. उजव्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर, उंचावर एकच दिवा लावा. पुठ्ठ्याने त्याची एक कड अडवा, म्हणजे भिंतीवर उजेड-अंधाराची रेघ उमटेल. फ्लॅश नको. मोबाइलवर सर्वांत उजळ चेहऱ्यावर टॅप करून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) खाली आणा. सावल्या काळ्याच राहू द्या.

४. हात. येशूचा हात ताठ नाही. मायकेलँजेलोने सिस्टिन चॅपलच्या छतावर रंगवलेल्या आदमच्या हातासारखं त्याचं मनगट सैल आहे. हात ताणला की हुकूम वाटतो, म्हणून मनगट सोडायला सांगा. टेबलावरचा दाढीवाला माणूस स्वतःकडे बोट दाखवतोय की टोकाला मान खाली घालून बसलेल्या पोराकडे, म्हणजे दोघांतला मत्तय कोण, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. तुमच्या फोटोतही ते बोट संदिग्धच राहू द्या.

५. आता कपडे. बसलेल्यांना रोजचेच शर्ट-पँट. येशू आणि त्याच्यासोबत आलेला शिष्य पेत्र मात्र मूळ चित्रात जुन्या झग्यात आणि अनवाणी आहेत; ते दुसऱ्या काळातून आलेत. आपल्याकडे पायताण दाराशी काढायची रीत असल्याने अनवाणी पाय सहज नजरेत भरणार नाहीत. म्हणून बसलेल्या पाचही जणांच्या पायांत बूट ठेवा आणि कॅमेरा इतका खाली घ्या की बुटातले आणि अनवाणी, दोन्ही पाय दिसतील. पोशाख नुसता नटवण्यासाठी नसतो. गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्यात काम केलेल्या चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांची साडीतली मारिया (येशूची आई) पाहा. ती आपल्याच घरातली वाटते.

६. दाखवा. फोटो छापण्याआधी एखाद्या श्रद्धावान ख्रिस्ती शेजाऱ्याला दाखवा. काहीही न सांगता एवढंच विचारा: यातला मत्तय कोण? तो थोडा थांबून दाढीवाला आणि पोरगा या दोघांकडे आळीपाळीने बघायला लागला, तर फोटोला आणखी हात लावू नका.