लाकडी मॅनिकिन वापरताय? या चुका टाळा

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्रासाठी मुलं हौसेनं बारा इंची लाकडी मॅनिकिन, म्हणजे सांधे हलवता येणारा माणसाच्या आकाराचा बाहुला, आणतात आणि महिन्याभरात त्यांच्या चित्रातला फुगेवालाही लाकडी होतो. समोर दिसतं ते जसंच्या तसं उतरवलं, की असंच होणार.

सगळ्यात मोठा घोळ डोळ्यांच्या उंचीचा. मॅनिकिन टेबलावर, आपण खुर्चीत. हिशोब करा: बाहुला एक फुटाचा, माणूस साडेपाच फुटांचा. टेबलापासून दीड फूट वरून बाहुल्याकडे बघणं म्हणजे सव्वाआठ फूट उंचीवरून, गॅलरीतून खालचा माणूस बघणं. मग डोकं मोठं, पाय आखूड. पुस्तकांची चळत रचून त्याचं डोकं आपल्या डोळ्यांच्या रेषेत आणा आणि निदान दोन फूट मागे सरका.

दुसरी फसवणूक कमरेत खुपसलेल्या सळईची. तिच्यामुळे बाहुला कसाही कलंडला तरी पडत नाही. तुमचा माणूस मात्र कागदावर पडतो. एका पायावर भार असेल तर गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडून बघा, तो भार घेतलेल्या पावलाच्या आसपास यायला हवा. त्या बाजूची कंबर वर जाते, खांदा खाली येतो. खात्री नसेल तर घरातल्या कुणाला तरी दोन मिनिटं उभं करा.

हात वर केला की आपला खांदाही उचलला जातो, बाहुल्याचा जागचा हलत नाही. तिथे आरशात बघावं. बोटांसाठी स्वतःचा डावा हात आहेच.

पावसाळ्यात लाकूड फुगून सांधे घट्ट बसतात. जोर लावून पिरगाळू नका, दोन दिवस पंख्याखाली ठेवा. तेल तर अजिबात नको. सांधे घर्षणावरच तग धरतात.

मग याचा खरा उपयोग कशाला? एका बाजूनं टेबललॅम्प लावा: छाती, पोट, कंबर हे तीन ठोकळे कुठे वळतात ते सावलीत लख्ख दिसतं. कपड्यांच्या चुण्यांसाठीही. फ्लॉरेन्सचा जुना चित्रकार फ्रा बार्तोलोमेओ यानं त्यासाठी माणसाएवढा सांधेवाला लाकडी पुतळा करवून घेतला होता, असं चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वझारीनं नोंदवलंय. आपला बाहुला फुटभराचा, तेव्हा जाड रुमालाऐवजी जुन्या मलमलचा तुकडा ओला करून पांघरा. जाड कापडाच्या चुण्या त्याच्या अंगावर गोधडीसारख्या दिसतात.