जुना कारखाना एकट्याने बघू नका

जुन्या गिरण्या, भट्ट्या, गोद्या बघायचा छंद दोघा-तिघांनी मिळून करावा. एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला हमखास दिसतं. निघण्याआधी त्या भागाचा जुना नकाशा आणि आजचा उपग्रह नकाशा शेजारी ठेवा. दाट वस्तीतून एखादी मोकळी पट्टी ऐसपैस वळण घेत जात असेल, तर तिथे मालगाडीचा रूळ असू शकतो. आगगाडीला काटकोनात वळता येत नाही.

पोचल्यावर एकाने वर बघायचं, एकाने खाली. वर करवतीच्या दात्यांसारखं छप्पर दिसलं, तर काचा कुठल्या दिशेला आहेत ते होकायंत्रावर तपासा. उत्तर गोलार्धात त्या बहुधा उत्तरेकडे असतात, म्हणजे थेट ऊन आत न येता दिवसभर एकसारखा उजेड मिळतो. खाली बिडाच्या खांबाच्या बुडाशी हात फिरवा. रंगाच्या थरांखाली ओतशाळेचं नाव, कधी सालही, उठून आलेलं असतं. बोटांना लागतं पण वाचता येत नाही, तेव्हा टॉर्च बाजूने तिरपा धरा. अक्षरं सावलीसकट उभी राहतात. मला हा क्षण सगळ्यात आवडतो.

पडीक इमारतीत परवानगीशिवाय शिरू नका. जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस (श्वासातून आत गेल्यास घातक ठरणारं तंतुमय खनिज) असू शकतो. सुरक्षितपणे बघायचं, तर जर्मनीतल्या फ्योल्कलिंगेनचा लोखंड कारखाना बघा; तो १९९४ पासून जागतिक वारसा आहे.

तिथे राबलेलं कुणी भेटलं, तर एकाने बोलायचं, दुसऱ्याने टिपून घ्यायचं. पहिला प्रश्न यंत्राचा नको. ‘पाळी किती वाजता सुटायची?’ असं विचारा.