गोव्यातून जॉकी व्हायचं असेल तर: वजन, कागद, करार आणि लायसन्स

गोव्यात रेसकोर्स नाही. त्यामुळे पेडण्याच्या किंवा सत्तरीच्या मुलाने जॉकीचं लायसन्स काढायला पणजीतल्या कुठल्याही सरकारी कचेरीत हेलपाटे घालू नयेत. हे लायसन्स सरकार देत नाही, रेस क्लबाचे स्टीवर्ड्स, म्हणजे शर्यतींवर देखरेख ठेवणारे अधिकारी, देतात. गोव्याला सगळ्यात सोयीचा क्लब म्हणजे मुंबईत महालक्ष्मीला आणि पुण्यात शर्यती भरवणारा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात, मुंबईचा हिवाळ्यात. दुसरी वाट बेंगळुरू, म्हैसूर किंवा हैदराबादची. प्रत्येक क्लबाची नियमावली स्वतंत्र असते. साचा एकच, पण वयाची, वजनाची आणि सवलतीची अट जिथे तिथे वेगळी. म्हणून घरातून निघण्याआधी त्या वर्षीची अट क्लबाच्या कचेरीतून लेखी मागवा. ओळखीच्या सईसाने (घोड्याची निगा राखणाऱ्याने) फोनवर सांगितलेला आकडा धरून मुलाला गाडीत बसवू नका.

लायसन्स हा हक्क नाही, पदवीही नाही. ती स्टीवर्ड्सनी ठरावीक मुदतीपुरती दिलेली परवानगी आहे. मुदत संपली की नव्याने अर्ज करावा लागतो आणि वागणूक बिघडली तर मधेच काढून घेतली जाते.

आधी हाडं मोजा, मग घोडा

घोड्यावर बसायला शिकवता येतं, उंची कमी करता येत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी ३८ किलोचा मुलगा सगळ्यांना ‘जॉकीच’ वाटतो आणि सतराव्या वर्षी तो ५८ किलोचा होतो. तोवर शाळा सुटलेली असते. हे टाळायला एक साधा हिशेब आहे. मुलगा असेल तर आई आणि वडील यांच्या उंचीच्या सेंटिमीटरांची बेरीज करा, त्यात १३ मिळवा, दोनाने भागा. मुलगी असेल तर १३ वजा करून भागा. वडील १६८ आणि आई १५२ असेल तर मुलाचा अंदाज १६६.५ येतो. त्यात आठ-नऊ सेंटिमीटर इकडे-तिकडे धरायचे. याहून पक्कं हवं असेल तर डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. वाढ किती उरली आहे ते त्यावरून बऱ्यापैकी कळतं. डॉक्टरांना ‘बोन एज’ म्हटलं की पुरे.

आता वजन. हँडिकॅप शर्यतीत, म्हणजे घोड्याच्या कुवतीप्रमाणे पाठीवरचं वजन ठरतं तिथे, कमी कुवतीच्या घोड्यांना पन्नास किलोच्या आसपास वजन येतं, वरच्यांना साठाच्या आसपास. हे वजन जॉकीच्या एकट्या अंगाचं नसतं. सॅडल, तंग (सॅडल बांधायचा पोटाखालचा पट्टा), पॅड, बूट, कपडे हे सगळं त्यात धरून असतं. साधनांना दीड-दोन किलो गेले की अंगाला उरतात अठ्ठेचाळीस. १६० सेंटिमीटर उंचीला ५० किलो वजन म्हणजे बीएमआय १९.५, शरीर सुखात. १६६ ला तोच आकडा १८.१, म्हणजे कायमची किंचित उपासमार. १७२ ला १६.९. तिथे हट्ट करू नये. काही उंच जॉकी टिकले आहेत, पण त्यांची रोजची जिभेशी चाललेली लढाई बघितली तर आई-बाप परवानगी देणार नाहीत.

खाण्यात गोव्याच्या ताटाला दोष नाही, दोष वाढपाला आहे. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी शीत (भात) मोजून आणि हुमण (माशांची आमटी) हात राखून, नुस्तें (मासे) तव्यावर, तेलात नाही, आणि मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोळी. एवढ्यावर वाढीच्या वयातल्या मुलाचं भागतं. घाम काढून वजन उतरवण्याचा मार्ग मात्र फसवा. अंगातलं पाणी वजनाच्या दोन टक्के घटलं, म्हणजे पन्नास किलोच्या पोरात एक लिटर, तरी दम आणि लक्ष दोन्ही कमी होतात. प्लास्टिकचं जाकीट घालून मे महिन्यात मिरामारला पळणाऱ्याला उष्माघात गाठतो. लघवीच्या गोळ्या तर अजिबात नकोत. बहुतेक देशांच्या नियमांत स्वारांना त्या निषिद्ध आहेत आणि तपासणीत सापडतात.

कागदपत्रं: गोंयकाराची खरी अडचण

क्लबाला वयाचा पक्का पुरावा लागतो, तोही एकाच नावाने. गोव्यात जन्मदाखल्यावर आडनाव पोर्तुगीज वळणाचं, शाळेच्या दाखल्यावर मराठी वळणाचं आणि आधारवर तिसरंच, असं सर्रास आढळतं. वडिलांचं नाव मधे घालायचं की नाही यावरही तिन्ही कागदांचं एकमत नसतं. नुसतं स्पेलिंग चुकलं असेल तर जन्मनोंदणीच्या ठिकाणी दुरुस्ती होते. नावच बदलायचं असेल तर १९९० च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याने सिव्हिल रजिस्ट्रारकडे अर्ज लागतो आणि त्याला वेळ जातो. हे काम निघण्याच्या सहा महिने आधी हातात घ्या. तिकडे पोचल्यावर प्रतिज्ञापत्राने भागेल या भरवशावर राहिलेली मुलं हंगाम घालवून बसतात.

जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधार, फोटो, अल्पवयीन असल्यास आई-वडिलांचं संमतिपत्र आणि वैद्यकीय दाखला, एवढं जवळ ठेवा. दहावी पूर्ण करूनच पाठवा असं आमचं स्पष्ट मत आहे. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीने १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या ठरवलेल्या कामांवर घेता येत नाही. एखादा माणूस ‘वय मी सांभाळून घेतो’ म्हणाला तर तिथूनच परत फिरा. खोटं वय पुढे कधीतरी उघडं पडतं आणि जातं ते मुलाचं लायसन्स.

वैद्यकीय तपासणीत नजर, ऐकू येणं, फिट किंवा चक्करेचा इतिहास आणि जुनी मोडलेली हाडं बघतात. रंगांधळेपणा आधीच तपासून घ्या. सिल्क्सच्या, म्हणजे जॉकींच्या अंगातल्या कपड्यांच्या, रंगांवरूनच कुठला घोडा कुठे आहे हे धावताना कळतं. धनुर्वाताची लस तबेल्यात पाऊल ठेवण्याआधी. खुराखालच्या मातीत काय असतं ते गुरं पाळणाऱ्याला सांगायला नको.

सईस, रायडिंग बॉय, ॲप्रेंटिस, जॉकी

पायऱ्या अशाच चढाव्या लागतात. रायडिंग बॉय म्हणजे सरावात घोडा फिरवणारा, ॲप्रेंटिस म्हणजे शिकाऊ जॉकी. पुण्यात क्लबाची ॲप्रेंटिस जॉकींची शाळा आहे, बेंगळुरू आणि हैदराबादच्या क्लबांनीही अशी व्यवस्था केली आहे. शाळेतून आलात तरी शेवटी लायसन्सधारी ट्रेनरच्या तबेल्याशी नाव जोडावं लागतं. ॲप्रेंटिस हा करारावर असतो आणि सही आई-वडिलांची असते. सही करण्याआधी पाच गोष्टी विचारा: मुदत किती, राहणं-जेवण कोणाचं, रायडिंग फीचा वाटा मुलाच्या हातात किती आणि खात्यात किती, पडला तर दवाखान्याचा आणि विम्याचा खर्च कोण देणार, तबेला बदलायचा झाला तर काय. करार इंग्रजीत असतो, वकिलाकडून मराठीत समजून घ्या. पैसे मुलाच्या नावच्या बँक खात्यातच जायला हवेत, या मुद्द्यावर माघार घेऊ नका.

पहिले कित्येक महिने घोडा पळवायला मिळत नाही. लीद काढणं, खरारा, पायाला पट्टी, खूर साफ करणं, लगाम-सॅडल धुणं. समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या तट्टावर बसून शिकलेल्या मुलाला इथे नव्याने सुरुवात करावी लागते. त्या तट्टाला तोंडातली ओढ थांबण्याची खूण वाटते, तर शर्यतीचा थरोब्रेड घोडा लगाम ओढला की त्यावर टेकून आणखी जोरात सुटतो. नव्या पोराला घोडा पळवून नेतो तो बहुधा याच कारणाने. घाबरून सतत ओढत राहायचं नसतं. हात खाली घोड्याच्या मानेशी रोवून, ओढ आणि ढील आलटून पालटून द्यायची आणि पाठ सैल ठेवायची.

दुसरा धडा डोक्यातल्या घड्याळाचा. दोनशे मीटर पंधरा सेकंदांत हा सैल कँटर (आरामाची दौड), आणि बारा सेकंदांच्या आसपास गेलं की शर्यतीचा वेग. ट्रेनर म्हणतो ‘शेवटचे सहाशे मीटर चाळीस सेकंदांत आण’, पोरगा आणतो सदतीस सेकंदांत आणि वर खूश असतो. घोडा दोन दिवस चारा खात नाही, पाय गरम होतात आणि पोराला आठवडाभर राइड मिळत नाही. रोज उतरल्यावर आधी आपला अंदाज सांगा, मग ट्रेनरचं स्टॉपवॉच बघा. दोन-तीन महिन्यांत अंदाज एका सेकंदावर यायला हवा.

मग गेट, जिथून शर्यत सुटते. गेटात घोडा उभा असताना रिकिबीत पाय फार पुढे टाकला किंवा लगाम ताठ धरला तर झापड उघडताच तोंडाला हिसका बसतो आणि घोडा मागे राहतो. हाताची एक पकड मानेच्या आयाळीत ठेवायची, म्हणजे उडीबरोबर स्वार मागे फेकला जात नाही. मॉक रेस म्हणजे सट्टा नसलेली सराव शर्यत. तिथे क्लबाची माणसं बघतात की पोरगा सरळ रेषेत राहतो का, दुसऱ्याच्या वाटेत घुसतो का, चाबूक एका हातातून दुसऱ्यात घेताना तोल जातो का, शेवटपर्यंत घोडा रेटतो का. जिंकणं तिथे गौण आहे. लायसन्ससाठी ट्रेनरची शिफारस याच सगळ्यावर ठरते.

सवलतीचा हिशेब

ॲप्रेंटिसला अनुभव कमी म्हणून घोड्यावरच्या वजनात सवलत मिळते आणि जिंकलेल्या शर्यती वाढतील तशी ती पायरीपायरीने उतरते. पायऱ्या क्लबागणिक वेगळ्या. कल्पना यावी म्हणून ब्रिटनमधल्या सपाट शर्यतींची रीत: २० विजयांपर्यंत ७ पौंड, ५० पर्यंत ५, ९५ पर्यंत ३, पुढे काही नाही. मोठ्या, क्लासिक शर्यतींत ही सवलत धरत नाहीत. सोळाशे मीटरला साधारण एक किलो म्हणजे एक लेंग्थ (एका घोड्याच्या लांबीएवढं अंतर) असा ढोबळ हिशेब ट्रेनर करतात. तीन किलो म्हणजे तीन लेंग्थ, म्हणूनच चांगल्या ॲप्रेंटिसला मागणी असते.

पण ही सवलत वजनकाट्यावर पूर्ण उतरली तरच. समजा घोड्याला ५२ किलो आणि सवलत ३ किलो. तुम्ही ४९ वर बसायला हवं. साधनं दोन किलो, म्हणजे अंग ४७. तुम्ही ४८.५ असाल तर दीड किलो जादा जाहीर होतं आणि अर्धी सवलत वाया. उलट अंग ४४ असेल तर उरलेलं वजन शिशाच्या पत्र्यांनी भरतात. निर्जीव वजन घोड्याला जास्त जाचतं असं जुने ट्रेनर मानतात.

काट्यावर सॅडलसकट उभं राहायचं. हेल्मेट, चाबूक आणि लगाम धरत नाहीत. शर्यतीनंतर पुन्हा वजन होतं, आणि तिथली चूक सगळ्यात महागात पडते. जिंकून आल्यावर ठरलेल्या जागी पोचण्याआधी उतरायचं नाही, आणि उतरल्यावर काट्यापर्यंत आपल्या साधनांशिवाय कशाला हात लावायचा नाही, कोणी पाण्याची बाटली पुढे केली तरी. नियमाने माफ असलेल्या फरकापेक्षा वजन कमी भरलं तर घोडा बाद होतो आणि मालक ते विसरत नाही. शिशाचा पत्रा पिशवीतून घसरला हे कारण ऐकलं जात नाही. बंद स्वतः तपासायचे, सईसावर सोडायचे नाहीत. तंगही गेटाशी पुन्हा बघून घ्यायचा. फेरी मारताना घोड्याचं पोट आत जातं आणि कसलेला तंग ढिला पडतो. पुण्याच्या पावसाळ्यात दोन-तीन गॉगल एकावर एक चढवा. चिखल उडाला की वरचा खाली ओढायचा.

हे केलं की लायसन्स गेलं

पैज लावणं जॉकीला पूर्ण बंद, स्वतःच्या घोड्यावरसुद्धा, भावाच्या किंवा मित्राच्या नावाने तर नाहीच. स्वतःचा रेसचा घोडा ठेवता येत नाही. तबेल्यातली खबर पैशासाठी किंवा भेटवस्तूसाठी बाहेर द्यायची नाही, आणि घोडा जिंकू नये म्हणून मुद्दाम मागे ओढायचा नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला; स्वार प्रामाणिकपणे पळवत नसेल तर त्याला अर्थ उरत नाही. एका क्लबाने घातलेली बंदी बाकीचे क्लबही पाळतात, त्यामुळे पुण्यात बंदी आली म्हणून म्हैसूरला बसता येत नाही. बेफिकीर स्वारी, आडवं जाणं, चाबकाचा अतिरेक यांना काही दिवसांची बंदी मिळते. चौकशीत व्हिडिओ समोर असतो. तिथे वाद घालू नका, कुठल्या क्षणी घोडा कलला आणि तुम्ही काय केलंत तेवढं सांगा.

पडणं हा या कामाचा भाग आहे. १९७९ साली जॉकी कार्ल उमरीगर महालक्ष्मीला पडून गेले तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. एकदा जोराचा आपट बसलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्या. डोक्याला मार लागल्यावर डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय चढू नका, ट्रेनरने कितीही घाई केली तरी.

मुलींना बंदी नाही. रूपा सिंग या भारतातल्या पहिल्या व्यावसायिक महिला जॉकी, चेन्नईच्या. राहण्याची वेगळी व्यवस्था आहे का, हे मात्र अर्जाआधीच विचारून घ्या.

अठराव्या वर्षी अंग ५५ च्या वर गेलं आणि खाली येत नसेल तर ॲप्रेंटिसचा करार ताणू नका. पहाटेच्या सरावाचा रायडर, नालबंद, हेड सईस, पुढे असिस्टंट ट्रेनर या कामांना वजनाची अट इतकी कडक नसते. पेसी श्रॉफ यांच्यासारखे नावाजलेले जॉकीही पुढे ट्रेनर झाले. नालबंदाचं काम गोव्यात परत आल्यावरही करता येतं.

पुण्याला चाचणीला जाताना वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस मडगाव, लोंढा, मिरजमार्गे थेट नेते. आदल्या रात्री पोचा, पोट हलकं ठेवा, पण पाणी पिऊनच काट्यावर उभे राहा.