श्वास मोजायचा तर पूर्ण एक मिनिट

"ताई, पोराची छाती घरघरतेय, न्यूमोनिया तर नाही ना?" पावसाळा लागला की हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी दारात येतंच. मी गावची आशा. घरघरीला मी घाबरत नाही, नुसतं नाक चोंदलं तरी ती होते. मी झबलं वर करते आणि श्वास मोजते. हे कोणत्याही आईला जमतं.

मूल शांत किंवा झोपलेलं हवं. नवी होते तेव्हा सात महिन्यांच्या रडत्या पोराचे मोजले, 58 भरले. मायलेकरांना भर पावसात दवाखान्यात पिटाळलं. तिथं पोचेपर्यंत पोरगं झोपलं आणि श्वास निघाले 36! त्याची आई अजून टोमणे मारते.

पोटावर नजर ठेवा. वर येऊन खाली गेलं की एक. मोबाइलवर पूर्ण 60 सेकंद लावा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही. तान्ही बाळं मध्येच भराभर श्वास घेतात, मध्येच थांबतात.

दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, एक ते पाच वर्षं 40. आकडा एवढा किंवा याहून जास्त भरला, की श्वास जलद. तान्ह्याचे 60 भरले तर पुन्हा एकदा मोजा. खोकला आणि जलद श्वास म्हणजे त्याच दिवशी दवाखाना. न्यूमोनियात फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत पू-पाणी साचलं की हवेला जागा उरत नाही, म्हणून मूल धापा टाकतं. गेल्या खेपेची उरलेली बाटली पाजू नका. डॉक्टर देतील ते औषध सांगितलेले सगळे दिवस द्या, खोकला थांबला तरी.

आता आकड्याहून वाईट खूण. श्वास आत घेताना छाती फुगायला हवी. त्याऐवजी बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल दूध ओढत नसेल, सगळं ओकत असेल, झटके येत असतील, हलवूनही नीट जागं होत नसेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर थेट 108 ला फोन. आजी म्हणेल, "ताप कुठंय?" तान्ह्याला ताप नसतोही, उलट अंग गार पडतं.

गाडी येईपर्यंत बाळाला उराशी धरून ऊब द्या. बिब्बा नाही, डागणी नाही, आणि छातीला फडकं आवळून बांधू नका. तो खड्डा मला दिसला पाहिजे.