पार्किंगमधील डांबरी खड्डा बुजवताना
ठाण्यातील अनेक सोसायट्यांत खड्ड्यात चार घमेली खडी-डांबर ओतून वरून गाडी फिरवली की काम झाले असे मानले जाते. असे ठिगळ पहिल्याच जोरदार पावसात उखडते.

प्रथम खड्ड्याच्या कडा पक्क्या डांबरापर्यंत उभ्या व चौकोनी कापाव्यात, सैल खडी व माती झाडून तळ कोरडा करावा आणि तळाबरोबर कडांनाही बिटुमेन इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या डांबराचा) पातळ हात द्यावा. तपकिरी इमल्शन काळे पडेपर्यंत थांबावे, कारण त्यातील पाणी निघून गेल्याशिवाय ते नीट चिकटत नाही. कंत्राटदाराची घाई नेमकी येथेच असते. खोल खड्डा सुमारे 50 मिलिमीटरच्या थरांनी भरून प्रत्येक थर धुम्मसाने ठोकावा आणि शेवटचा थर किंचित उंच ठेवावा, कारण चाकांखाली तो आणखी दबतो.

भर पावसाळ्यात गोणीतले कोल्ड मिक्स (न तापवता वापरायचे खडी-डांबराचे मिश्रण) तात्पुरते चालते, मात्र कायमची दुरुस्ती उघडीप मिळाल्यावर हॉट मिक्सनेच (गरम खडी-डांबराच्या मिश्रणाने) करावी. इंजिन ऑइल गळून मऊ पडलेले डांबर खरवडून काढावे, त्यावर नवा थर चढवू नये. एकच जागा पुन्हा पुन्हा खचत असेल, तर डांबराआधी गटाराकडे जाणारा उतार तपासावा.